आबांनी जाळलेली कादंबरी

माझी ओळख करून देणाऱ्यांचं कुणीतरी एकदा शिबिर घ्यायला हवं. माझ्या दुसऱ्या कादंबरीचा कार्यक्रम साताऱ्यात होता. सूत्रसंचालक माईकवर म्हणाले, "या मूळच्या तमिळ. पण मराठी अशी काही आत्मसात केली आहे, की ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येणार नाही." टाळ्या पडल्या. मी उभी राहून सांगितलं, की माझं गाव कडेगाव तालुक्यात, इथून गाडीनं दोन तासांवर, आणि मराठी मला बोलायला लागल्यापासून येते. पुन्हा टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बोलता किती छान! अगदी आपल्यासारखं." मी शाल सावरली, नारळ पिशवीत टाकला आणि एसटी पकडली. दुसरं काय करणार?

गावात तरी बरं असावं, तर तिथं मी 'मद्रासीन'. ज्या तमिळ गावात मी वाढले तिथं आम्ही 'सेट'. तिकडं उत्तरेकडून आलेला कुणीही सेटच, मग त्याच्या घरी चहाला साखर नसली तरी चालतं. धड इकडची नाही, धड तिकडची नाही, आणि तीन कादंबऱ्या लिहूनही यात तसूभर फरक पडलेला नाही. तीन म्हणते, पण छापलेल्या दोनच. तिसरी माझ्या वडिलांनी जाळली. तेच सांगायला बसले आहे.

आधी गलाई म्हणजे काय ते सांगते, नाहीतर आबा तुम्हाला माथेफिरू वाटतील. थोडे आहेतच, पण तुम्हाला वाटतील तेवढे नाहीत. जुनं, मिसळ असलेलं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं, हे गलाईचं काम, आणि आमच्या भागातली माणसं त्यासाठी देशभर पांगलेली आहेत. कुठल्याही शहरात सराफ बाजाराच्या मागच्या बोळात डोकावा, मुशीपुढं, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यापुढं, घाम पुसत बसलेला एक तरी माणूस आमच्याकडचा निघतो. गावाकडं त्यांचे दुमजली बंगले असतात, वर्षाचे अकरा महिने कुलूपबंद. यात्रेला मात्र बोळाबोळात परराज्यांच्या नंबरच्या गाड्या लागतात आणि त्यांतून उतरलेली पोरं आपसांत पाच भाषांत भांडतात. आबांच्या वाट्याला कोइंबतूरच्या पलीकडचं एक गाव आलं. मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि आमच्या रानात कुसळं उगवत होती. आता त्याच रानात पाणी आलंय, ऊस उभा आहे, आणि लोक मला विचारतात, "येवढं बागायत रान सोडून कशाला गेला हुता गं तिकडं?" यांना काय सांगायचं?

गलाईवाल्याच्या घरात काही म्हणजे काही टाकून देत नाहीत. भट्टीभोवती सोन्याचे कण उडतात, ते कपड्यांत जातात, केसांत जातात, लाकडाच्या भेगांत जाऊन बसतात. म्हणून दुकानातला केर वेगळा साठवायचा. हात धुतलेलं पाणी एका पिंपात ओतायचं आणि गाळ बसू द्यायचा. चटई झिजली, बनियन फाटलं, स्टुलाचा पाय मोडला, की सगळं पोत्यात भरून ठेवायचं, आणि वर्षातून एकदा ते जाळून त्याची राख मुशीत घालायची. तळाशी सोनं उतरतं. फार नसतं, पण असतं. यातला मोठा नियम एकच. जाळायची वस्तू उघडायची नाही, झटकायची नाही. झटकली की जे मिळवायचं तेच उडून जातं. जशी आहे तशी आगीत घालायची. "झटकायचं न्हाई!" हे मी लहानपणी 'अभ्यास कर' यापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. नववीत माझं जुनं दप्तर, वर्षभर भट्टीमागच्या खुंटीला लटकलेलं, आबांनी असंच चित्रकलेच्या वहीसकट जाळलं होतं. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी चिमटीत धरून एक पिवळा ठिपका दाखवला आणि म्हणाले, "बघ, तुझ्या दप्तराचं." मला तो घ्यायचा का थुंकायचं, हे कळेना.

हा केर काढायची आई. दिवसातून तीनदा, ओल्या फडक्यानं, गुडघ्यांवर बसून. ती फडकी ती एका सागवानी पेटीत ठेवायची. पेटी दुकानाच्या कोपऱ्यात असायची आणि आईची दुपारची डुलकी तिच्यावर पाठ टेकून व्हायची. ही पेटी ध्यानात ठेवा.

शाळा माझी तमिळ. मराठी वाचायला मी शिकले ती कांदा-लसूण मसाल्याच्या डब्यांवरून. गावाहून मसाल्याचे डबे, हळद, बेदाणे यायचे, ते जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले असायचे. आई ते कागद सरळ करून, तेल पुसून मला वाचायला द्यायची. त्यामुळं माझ्या वाचनाला कायम मध्येच भोक पडलेलं. निम्मी बातमी, पुढं मसाल्याचा डाग. आणि शाळेत न शिकल्यामुळं माझा डोळ्यांवर भरवसा नाही. आजही मी एक वाक्य लिहिलं की ते मोठ्यानं वाचते. कानाला पटलं तर ठेवते. समीक्षकांनी यावर 'मौखिक परंपरेचा प्रभाव' असं लिहिलंय. लिहू देत बापडे.

आई गेली तेव्हा मी बारावीत होते. छातीचं दुखणं होतं, चार-पाच महिने चाललं. तिला गावाला यायचं होतं. तिचं म्हणणं एवढंच, की आपल्या सोप्यात पडते, चार बायका येतील-जातील, त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलता येईल. आबा म्हणायचे, दिवाळीचं काम उरकू दे, मग जाऊ. सराफांच्या घाईचे दिवस ते, भट्टी विझतच नव्हती. दिवाळीला आठ दिवस असताना ती तिथंच गेली. अस्थी तेवढ्या कराडला संगमावर आल्या. आबांशी मी या विषयावर कधी बोलले नाही. ते तर कुठल्याच विषयावर बोलत नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून मी लग्न होईपर्यंत गप्प राहिले आणि लग्नानंतर तर त्या गावातच राहिले नाही.

नवरा साताऱ्याकडचा, सरकारी नोकरीत. पहिली नेमणूक कोयनानगरला. तिथल्या वसाहतीत मी पहिली कादंबरी लिहिली. भूकंपाचे बारीक हादरे बसायचे, भांडी वाजायची, शेजारीण भाजी निवडता निवडता म्हणायची, "हा काय नव्हे, मागचा मोठा होता," आणि मी पुढचं वाक्य लिहायची. कागद म्हणजे तमिळ कॅलेंडरची पानं. तिकडं भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं, मागची बाजू कोरी. तिकडच्या जुन्या शेजारणीनं मला ती पानं पाठवायचा नेम अजून मोडलेला नाही. त्या कोऱ्या पाठीवर लिहिलं तरच मला सुचतं. ते सगळं दोरीनं बांधायचं, पूर्ण झालं की सांगलीच्या टायपिंगवाल्याकडं द्यायचं. अर्धवट मी कुणाला देत नाही. फोटो काढत नाही. मोबाइलवर बोलून लिहीत नाही. हे आधीच सांगते, कारण ही तीन वाक्यं मला यापुढं दर माणसाला सांगावी लागणार होती.

पहिल्या कादंबरीत मी तिकडच्या शाळेबद्दल लिहिलं, दुसरीत गलाईवाल्यांच्या बोळाबद्दल. लोकांनी कौतुक केलं. एकानं तर 'अनुवाद प्रवाही आहे' असं छापलं. आबांनी दोन्ही पुस्तकं हातात घेऊन पाहिली, वजन केल्यासारखी, आणि कपाटावर ठेवली. छापून झालेले कागद मी, ते गावी आले की, त्यांनाच देऊन टाकायची, आंघोळीच्या बंबाला पेटवण म्हणून. माझीच कर्तबगारी. पुढं जे झालं त्यात हा वाटा माझा.

आबांनी सहा वर्षांपूर्वी दुकान मोडलं आणि एक टेम्पो भरून सामान गावी आणलं. मोडके स्टूल, फळ्या, पोती, आणि ती पेटी. वय ऐंशीच्या पुढं, तब्येत खणखणीत, कानानं मात्र ठार. उभा जन्म भट्टीच्या पंख्याशेजारी गेल्यावर कान राहणार कुठून? आम्ही आता सांगलीला असतो, तिथून मी कानाचं मशीन आणून दिलं. "कानात गांधीलमाशी शिरल्यागत वाटतंय," म्हणाले आणि डबीत घालून खिशात ठेवलं. तेव्हापासून मी त्या घरात ओरडून बोलते. "आबा, जेवला का?" हे पलीकडच्या घरातल्या काकूला ऐकू जातं आणि ती तिकडून उत्तर देते, "मघाच जेवलं की!" काकू म्हणजे माझी चुलती, आबांच्या धाकट्या भावाची बायको. आबांचं जेवणखाण तीच बघते, आणि गावाचं इतर सगळंही. विचित्र म्हणजे, मशीन घालायचं नाही तरी त्याचे सेल भराभर संपायचे. दर पंधरवड्याला, "सेल आण." मी चिडायची. "आवं, घालत न्हाई तर सेल संपतात कसं? डबीत चालू ठेवता का?" आबा माझ्याकडं शांतपणे बघायचे. ऐकूच आलं नाही म्हटल्यावर पुढं बोलणं खुंटलं.

तिसरी कादंबरी आईची. ती मी गावातच लिहायला घेतली, कारण नवरा निवृत्त झालाय आणि दिवसभर वर्तमानपत्र मला वाचून दाखवतो. शनिवार-रविवार मी सांगलीहून गावी यायची, सोप्यात पाट घेऊन बसायची, लिहायची आणि वाक्य मोठ्यानं वाचायची. आबा समोर खांबाला टेकून बसलेले. डोळे मिटलेले. बहिऱ्या माणसासमोर त्याच्याबद्दल लिहायला फार मोकळं वाटतं, हे मी कबूल करते. त्या कादंबरीतल्या बापाला मी काही सोडलं नव्हतं. 'आईनं गावाला न्या म्हणून तीनदा मागितलं आणि बाप तिन्ही वेळा मुशीकडं बघत राहिला.' हे वाक्य मला जमेपर्यंत मी सात-आठ वेळा मोठ्यानं वाचलं असेल. आणि प्रत्येक वेळी मला भीती वाटायची ती याचीच, की पुस्तक आलं आणि गावातल्या कुणी त्यांना सांगितलं, तर काय तोंड दाखवू? तरी लिहायचं होतं. ते लिहिल्याशिवाय दुसरं काही लिहून होणार नव्हतं. दोन वर्षं लागली. घरात उंदीर फार, म्हणून पानांचे गठ्ठे मी आईच्या पेटीत, तिच्या जुन्या फडक्यांवर, ठेवायची. झाकण घट्ट बसतं तिचं. शेवटचं एक प्रकरण उरलं होतं.

आणि एका शनिवारी गावात उतरले तर काकू थांब्यावरच उभी. "आबांनी भट्टी लावलीया सकाळपासनं. आगदी जवानीत आल्यात!"

परसात गेले. तीन दगडांवर लोखंडी घमेलं, त्यात राख, शेजारी मोडक्या स्टुलांचे उपसलेले खिळे. आबा उकिडवे बसून राख चाळत होते, चेहऱ्यावर काजळी, आणि इतके खुश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. सोप्यात पेटीच्या जागी चौकोनी स्वच्छ जमीन होती.

"आबा, पेटी?"

"आँ?"

"पेटी! पेटी कुठाय?"

त्यांनी राखेकडं बोट दाखवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आवं, त्यात माझं कागद हुतं!"

"ठावं हाय की," आबा म्हणाले. "हुतं."

"मग काढलं का न्हाई?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मला काहीच शिकवता आलं नाही याचं त्यांना वाईट वाटतंय. "उपसून काढायचं? तीस-पस्तीस वरसं खालची फडकी बसल्याली. हात घातला, झटकलं, म्हंजे गेलं की सगळं. आन् तुझं कागद तर लिवून झाल्यालं हुतं. मागच्या दोन बारीला तूच दिलंस बंबात घालाय."

मी तिथंच जोत्यावर बसले. गलाईवाल्याच्या हिशोबानं त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. जाळायची वस्तू झटकायची नसते. लिहिलेला कागद पेटवणच असतो. दोन्ही गोष्टी त्यांना शिकवल्या कुणी? एक भट्टीनं, एक मी.

"जाळली तुमी माझी दोन वरसं," मी ओरडले.

"जाळली न्हाई. गाळली," आबा म्हणाले, आणि पुन्हा चाळणीकडं वळले.

संध्याकाळी टाकणखार घालून त्यांनी मूस उतरवली. ज्वारीच्या दाण्याएवढं सोनं निघालं. ते तळहातावर घेऊन माझ्यासमोर आले. "लय निघालं," म्हणाले. मी तोंड फिरवलं आणि मिळेल त्या गाडीनं सांगलीला परत आले.

पुढचे तीन आठवडे मी गेलेच नाही. फोनही उचलला नाही. त्या तीन आठवड्यांत अख्ख्या सांगलीनं माझं सांत्वन केलं, आणि सांत्वनापेक्षा ती आग परवडली. "फोटो काढून ठेवायचे ना!" टायपिंगवाला म्हणाला. "माझी नात सगळं ढगात ठेवते," शेजारीण म्हणाली. नवरा म्हणाला, "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं," आणि त्यानं तेव्हा काय सांगितलं होतं हे दोघांनाही आठवेना. साताऱ्याच्या प्रकाशकांनी फोनवर दीर्घ श्वास घेतला आणि विचारलं, "पण त्याचा मूळ तमिळ मजकूर असेल ना तुमच्याकडं?" मी फोन ठेवला. मग उशीत तोंड खुपसून रडले, हेही लिहिते. आई पहिल्यांदा गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते, मला रडायलासुद्धा नीट आलं नव्हतं. या वेळी आलं.

मग काकूचा फोन आला, नवऱ्याच्या मोबाइलवर. ती कशालाही हार जात नाही. "टाक आलाय करून. पौर्णिमेला बसवायचा. लेकीनं पुजायचा आस्तो, तू न्हाईस तर काय मी पुजू?"

"कसला टाक?"

"तुझ्या आईचा! आणि कसला? त्येच्यासाठीच भट्टी लावलीती न्हवं का?"

टाक म्हणजे चांदीचा लहानसा ठसा, देव्हाऱ्यात ठेवायचा. देवाचा असतो तसा घरातल्या गेलेल्या माणसाचाही करतात. अहेव, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा तर आवर्जून करतात. आईचा पस्तीस वर्षांत केला नव्हता. आणि हा माणूस मला एका शब्दानं सांगत नाही, की पोरी, तुझ्या आईचा टाक करायचाय, तिनं पुसलेल्या फडक्यांतलं सोनं त्यात घालायचंय! एक वाक्य! एवढं बोलले असते तर मी माझ्या हातानं कागद बाजूला काढले असते. मी गेले, पण भांडायला गेले.

देव्हाऱ्यात पाहिलं. बोटाच्या पेराएवढी चांदीची बाई, पदर घेतलेली, आणि कपाळावर कुंकवाच्या जागी सोन्याचा ठिपका. सोनाराचं काम बेताचंच होतं. नाक आईचं अजिबात नव्हतं. मी हळद-कुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला, पुरणपोळी जेवले, आणि या सगळ्यात आबांशी एक शब्द बोलले नाही.

"आबा, सांगायचं न्हाई व्हय आधी?" शेवटी मीच ओरडले.

"त्यात सांगायचं काय?" आबा म्हणाले.

कपाळाला हात लावला आणि सोप्यात जाऊन बसले. पिशवीत कॅलेंडरची नवी पानं होती. ती का आणली होती कोण जाणे. पाट ओढला आणि पहिलं वाक्य लिहिलं. 'आम्ही गाव सोडलं तेव्हा आईच्या हातात मसाल्याचा डबा होता.' मोठ्यानं वाचलं. बरं वाटलं नाही. पहिलं वाक्य याहून चांगलं होतं, आणि ते मला काही केल्या आठवत नव्हतं. पुन्हा वाचलं.

"डबा मागनं येतोय," समोरून आवाज आला. "आधी यष्टीचं हाय. 'यष्टी सुटली आन् आईनं खिडकीतनं मागं बघितलं, मग म्हणाली, दाराला कडी लावली का?' तवा डबा."

मी मान वर केली. आबा खांबाला टेकून, डोळे मिटून बसले होते. आज टोपी मागं सरकलेली होती, आणि उजव्या कानात मशीन होतं.

एका क्षणात मला सगळे सेल आठवले. पंधरवड्याला एक पाकीट, दोन वर्षं.

"तुमी ऐकत हुता?" मी कुजबुजले. मुद्दाम कुजबुजले.

"मग काय," आबा म्हणाले. "तू काय हळू वाचतीस व्हय?"

मला लाज वाटायला हवी होती, आला राग. दोन वर्षं मी घसा फोडून 'आबा, जेवला का' विचारत होते! पण आधी कादंबरी महत्त्वाची होती. आबांनी उभ्या जन्मात कधी चिठ्ठी लिहून ठेवली नाही. वीस सराफांचे दागिने एकाच वेळी दुकानात, कुठली बांगडी कुणाची ते सगळं तोंडपाठ. तसंच हेही त्यांच्या डोक्यात एकावर एक रचलेलं होतं. सगळी वाक्यं नव्हती, पण काय कशानंतर येतं ते पक्कं होतं, आणि अधेमधे अख्खंच्या अख्खं वाक्य, माझ्या विरामासकट.

तेव्हापासून दर शनिवार-रविवार मी जाते, आबा सांगतात, मी लिहिते. यासारखा वैताग नाही. हा माणूस एकेका वाक्यावर अडतो. "ते दिवाळीचं न्हाई, पोंगलचं." "तिथं तुझी आई हासली न्हवती, तू उगंच हासवलीयास." "मी येवढा काळा हुतो व्हय?" मी म्हणायची, आबा, ही कादंबरी आहे, यात थोडं इकडचं तिकडं चालतं. ते म्हणायचे, "मिसळ चालत न्हाई. गलाईवाल्याच्या लेकीनं आसं बोलू ने." काकू तिच्या घरातून ओरडायची, "माझं बी घाल की गं त्यात!" हे असं तीन महिने. आणि एकेक प्रकरण मागं पडत होतं तसतशी मी मुद्दाम सावकाश लिहीत होते, कारण आईच्या दुखण्याचं प्रकरण जवळ येत होतं. आबांनी ते ऐकलेलं होतं. सात-आठ वेळा.

परवाच्या रविवारी ते आलंच. आई अंथरुणाला खिळली, डॉक्टर येऊन गेले, दिवाळीचं काम दुकानात येऊन पडलं, इथपर्यंत आबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. पुढचं वाक्य मी मनातच ओलांडलं आणि एकदम सरणाशी गेले. 'आईला नेलं तेव्हा पाऊस भुरभुरत होता,' असं लिहून मोठ्यानं वाचलं.

"मधलं ऱ्हायलं," आबा म्हणाले.

"काय न्हाई ऱ्हायलं."

"हाय. 'आईनं गावाला न्या म्हणून तीनदा मागितलं...' हितनं. ते लिव."

"ऱ्हाऊ द्या आबा. ते मी उगंच लिवलं हुतं, रागात."

"लिव म्हणतो न्हवं?"

मी लिहिलं. आईनं गावाला न्या म्हणून तीनदा मागितलं आणि बाप तिन्ही वेळा मुशीकडं बघत राहिला. वाचून दाखवायचा धीर झाला नाही, पण ते वाट बघत होते, म्हणून वाचलं.

"त्ये चुकलंय," आबा म्हणाले.

झालं, मला वाटलं. आता हे स्वतःची बाजू सांगणार. काम किती होतं, सराफ कसे उरावर बसले होते. मी भांडायला सरसावून बसले. पस्तीस वर्षं मी याच भांडणाची वाट बघत होते.

"तीनदा न्हाई," ते म्हणाले. "चारदा."

मी पेन खाली ठेवलं.

"चौथ्यांदा तू शाळंत हुतीस. ती अंथरुणातनं उठून पेटीला पाठ लावून बसलीती. म्हणली, आजच्या गाडीनं न्या, उद्या नगं. मी म्हणलो, मूस उतरू दे." आबांनी देव्हाऱ्याकडं बघितलं. "दुपारी दोनची गाडी हुती. मिळाली आस्ती."

काकूच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी 'तीनदा' खोडलं आणि 'चारदा' लिहिलं. 'तिन्ही वेळा' खोडून 'चारी वेळा' केलं. मग आबांनी हातानं खूण केली, म्हणून ते वाक्य पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं.

"आता बरूबर हाय," आबा म्हणाले. मशीन कानातून काढून त्यांनी डबीत ठेवलं आणि डबी माझ्याकडं सरकवली. "म्होरलं तुझं तू लिव."